‘टू’ आणि ‘फॉर’ : इंग्रजीतील शब्दयोगी अव्ययांचा अभ्यास

मी मूळचा इतिहासाचा शिक्षक. इंग्रजीचे तास माझ्याकडे आले ते एक जागा रिक्त राहिल्यामुळे. त्यामुळे व्याकरणातही माझी उदाहरणे इतिहासातूनच येतात. माजी विद्यार्थी व पालक यांनी ही खोड समजून घ्यावी.

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला मागून जोडले जाते. ‘झाडाखाली’, ‘शाळेसमोर’ हे आपण एकेक शब्द म्हणून लिहितो. इंग्रजीत ते नामाच्या आधी व सुटे येते : ‘अंडर द ट्री’. पुष्कळदा त्याचे काम आपल्याकडे नुसता विभक्तिप्रत्यय करतो; ‘नागपुरात’ यातील ‘त’ म्हणजे ‘इन’. हा क्रमाचा फरक मुले लवकर आत्मसात करतात. खरी अडचण अर्थाची आहे, कारण एका मराठी प्रत्ययाला एकच इंग्रजी शब्द नेमून दिलेला नाही. ‘माझ्यावर रागावला’ यातील ‘वर’ पाहून मुले ‘अँग्री ऑन मी’ लिहितात. तेथे ‘विथ’ हवे. ‘तिच्याशी विवाह’ म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहितात. तेथे ‘टू’ हवे.

काळाचा नियम त्यामानाने सोपा आहे. वर्ष किंवा महिना असेल तर ‘इन’, नेमका दिवस असेल तर ‘ऑन’, घड्याळातील वेळ असेल तर ‘ॲट’. धम्मदीक्षा ‘इन 1956’ झाली. पण तारीख सांगायची तर ‘ऑन 14 ऑक्टोबर 1956’. ‘पासून’ मात्र फसवे आहे. वसतिगृहातील एका मुलाने अर्जात ‘सिन्स थ्री इयर्स’ लिहिले होते. ‘तीन वर्षांपासून’ हा कालावधी आहे, म्हणून ‘फॉर थ्री इयर्स’; आरंभाचे वर्ष सांगायचे असते तर ‘सिन्स 2021’. अर्ज पाठविण्याआधी चूक दिसली, हे बरे झाले.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते उदाहरण. बाबासाहेबांचा 1945 सालचा ग्रंथ आहे : ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’. या नावाचा अर्थ विचारला की वर्गातून उत्तर येते : ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’. परंतु ‘साठी’ म्हणजे ‘फॉर’, आणि बाबासाहेबांनी ‘टू’ लिहिले आहे. ‘डन फॉर’ म्हटले की कोणाच्या तरी हिताचे केलेले काम सूचित होते. ‘डन टू’ मध्ये तो माणूस कृती सोसणारा ठरतो. मित्राने वही फाडून परत दिली, तर आपण ‘व्हॉट हॅव यू डन टू माय नोटबुक’ असे विचारतो. तेथे ‘फॉर’ कोणी म्हणणार नाही. नावात ‘फॉर’ असते तर उपकारांचा हिशेब मागितल्यासारखे झाले असते. ‘टू’ने तो आरोप झाला, आणि हा सारा फरक दोन अक्षरांच्या एका अव्ययाने घडविला.

मग मराठीत काय म्हणावे? ‘साठी’ तर नाही. आठवीच्या मुलांनी ‘अस्पृश्यांना’, ‘अस्पृश्यांशी’ आणि ‘अस्पृश्यांचे’ अशी तीन रूपे फळ्यावर लिहिली. मला ‘अस्पृश्यांचे काय केले’ हे जवळचे वाटते. वर्गात मात्र माझ्या बाजूने दोनच हात वर झाले, आणि तास संपला तरी वाद चालू होता.