मालवणला निघण्याआधी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, कधी एकदा गाडीत बसते असं झालंय. इथलं काही करावंसंच वाटत नाही." कुकरची शिट्टी झाली आणि तू फोन ठेवलास, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आज निवांत लिहिते.

तुझी घाई मला कळते. एका वर्षी थोरल्याची दहावी, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग धाकट्याची बारावी. दर वेळी मालवण तेवढं मागे पडलं. आता डिसेंबरातली मांडवी एक्सप्रेसची तिकिटं हातात आली, म्हटल्यावर जीव तिकडे धावणारच. पण हे मधले आठवडे कसेतरी ढकलून काढू नकोस. मालवणात तू चार-पाच रात्री राहशील. त्याआधी कित्येक दिवस मालवण तुझ्या डोक्यात असणार आहे, आणि त्यातला आनंद सहलीतल्या आनंदाइतकाच खरा आहे. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. हातात तिकीट घेऊन वाट बघायचे दिवस तसेही निम्मे झालेत. उरलेत ते तरी चवीनं घे.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली १,५३० लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. सुट्टीवर जाणारी माणसं निघायच्या आधीच इतरांपेक्षा जास्त आनंदात होती. परत आल्यावर मात्र बहुतेकांमध्ये आणि घरी राहिलेल्यांमध्ये फारसा फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, त्यांचाच आनंद घरी आल्यावरही थोडे दिवस टिकला. मी यातून दोन गोष्टी घेतल्या. एक, जाण्याआधीचे दिवस वाया घालवायचे नाहीत. दुसरी, तिथे गेल्यावर सकाळी डॉल्फिन, दुपारी स्कूबा, संध्याकाळी किल्ला असं वेळापत्रक लावून स्वतःला दमवायचं नाही. एक अख्खा दिवस काहीही न ठरवता मोकळा ठेव. मुलं कुरकुरतील, कुरकुरू देत.

आता तुझ्या "इथलं" कामांबद्दल. लोकलमधून उतरल्यावर घरी पोचेपर्यंत तू भाजी घेतेस, इस्त्रीचे कपडे उचलतेस, ब्लाऊज झालाय का बघून येतेस. हा वेळ तुला ओझ्यासारखा वाटतो. मला विचारशील तर दिवसातला तेवढाच वेळ तुझा एकटीचा असतो. ऑफिस मागे राहिलेलं असतं, स्वयंपाकघर अजून आलेलं नसतं. तेवढ्यात कुणी तुला "आई, माझं हे कुठंय?" विचारत नाही. तेल, साबण, तांदूळ अशी जड ओझी खुशाल अ‍ॅपवरून मागव, ती वाहून आणण्यात पुण्य काही नाही. पण भाजी, दळण आणि शिंपी ही तीन कामं स्वतःच्या पायांनी कर.

त्यातही हे दिवस कसले आहेत बघ ना! हातगाडीवर मटार उतरलेत, पातीचा लसूण आलाय, तुरीच्या शेंगा आल्यात, थोड्या दिवसांनी ओला हरभरा येईल. वर्षभर मिळणाऱ्या फ्लॉवर-कोबीकडे बघूही नकोस. शेंगा घे, घरी सगळ्यांना सोलायला बसव, आणि तिथेच मालवणच्या गप्पा काढ. मार्गशीर्षातल्या बुधवारी संध्याकाळी बाजारात मुद्दाम जा. गुरुवारच्या पूजेसाठी फळं, वेण्या, पाच झाडांचे डहाळे घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. भाव चढलेले असतात हे खरं, पण तो हिरवा-केशरी रस्ता बघायला मी तर काही घ्यायचं नसलं तरी जाते.

आणि गिरणी! नवी बाजरी बाजारात आली आहे. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू व्हायला लागतं, म्हणून ती थोडीथोडीच दळून आणावी लागते. तुला हीच कटकट वाटते, कारण गव्हासारखं एकदाच पंधरा दिवसांचं दळण टाकून मोकळं होता येत नाही. पण थंडीच्या दिवसात पिठाचा गरम डबा पोटाशी धरून घरी येणं, आणि त्याच रात्री त्या पिठाची भाकरी थापणं! आयतं पाकीट फोडून हे सुख मिळत नाही गं. गिरणीत दहा मिनिटं थांबावं लागलं तर मोबाईल पर्समध्येच राहू दे. शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचार, ती थालीपिठाच्या भाजणीत काय काय घालते. प्रत्येकीचं काही तरी वेगळं निघतं.

सगळीच कामं अशी गोड असतात असं मी म्हणणार नाही. बँकेचं केवायसी, गॅसच्या पाइपची तपासणी, सोसायटीची थकबाकी यात रमण्यासारखं काही नाही. ती नवऱ्याबरोबर वाटून घे, अर्धी त्याला दे, आणि निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत एकही शिल्लक ठेवू नकोस.

आणखी एक, जरा कान पकडूनच सांगते. रात्री पडल्यापडल्या तारकर्लीचे व्हिडिओ बघणं बंद कर. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा पडद्यावर इतक्या वेळा बघितलीस, तर प्रत्यक्षात डोळ्यांना नवीन काय उरणार? उत्सुकता वाढवायचीच असेल तर मुलांना गोष्टी सांग. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चारही बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी. ते कसं, यावर मुलांना डोकं चालवू दे, उत्तर लगेच शोधून देऊ नकोस. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. गाडी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती मिनिटं लागतात, यावर आत्ताच पैजा लागू देत. सासूबाईंनाही यात घे. त्या लहानपणी गावी कशा जायच्या ते विचार. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली १९९८ मध्ये, त्याआधी एसटीनं घाट उतरून जाण्याच्या आठवणी त्यांच्याकडे भरपूर असतील.

सहलीची खरेदीही एका रविवारी झपाट्यानं उरकू नकोस. एका संध्याकाळी टोप्या, एका संध्याकाळी सासूबाईंच्या रबरी चपला, कधी नुसतं प्रवासात न्यायच्या चिवड्याचं सामान. रोजच्या कामांतच एखादी वस्तू घालत गेलीस की वाण्याकडची फेरीसुद्धा मालवणच्या तयारीची होते. बाजरी मात्र शेवटच्या आठवड्यात दळू नकोस. उरलेलं पीठ आल्यावर टाकावं लागेल.

या बुधवारी मी ऑफिसातून थेट डोंबिवलीला उतरतेय. तू घरी जाऊ नकोस, पूर्वेला तिकीटघरापाशी थांब. फडके रोडवरून चालत जाऊ, गुरुवारची फळं घेऊ, तुझ्या शिंप्याला दोन शब्द मी ऐकवते. दळणाचा डबा सकाळीच गिरणीत ठेवून ये, म्हणजे जाताना उचलता येईल. आणि पिशव्या दोन आण, मला पावटे घ्यायचेत.