‘रेंज’ कुठवर पोहोचते? : डहाणू-तलासरीतील बिनतारी जाळ्याचा विचार
(द्वितीय वर्ष, कला)

‘रेंज आहे का?’ हा प्रश्न आपल्या भागात ‘पाऊस झाला का?’ या प्रश्नाइतकाच नित्याचा झाला आहे. शाळेची पायरी न चढलेली आजीदेखील हा इंग्रजी शब्द बिनचूक वापरते. परंतु रेंज म्हणजे नेमके काय, ती डहाणू स्टेशनाजवळ मुबलक आणि डोंगरापलीकडच्या पाड्यावर दुर्मीळ का, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण आज रेशन दुकानातील यंत्रावर उमटणारा अंगठा, महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, रुग्णवाहिकेला करायचा फोन हे सारे रेंजवर अवलंबून आहे. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा मुलगी कॉलेजात येते, त्या घराला तर हा अर्ज भरण्यासाठी टेकडीवर चढून उभे राहावे लागते. तेव्हा हा विषय विज्ञान शाखेपुरता राहिलेला नाही, तो समाजशास्त्राचा व अर्थशास्त्राचाही झाला आहे.

लहरी आणि पोळे

मोबाइल फोन म्हणजे मुळात एक छोटे रेडिओ केंद्र होय. तो विद्युतचुंबकीय लहरी सोडतो आणि पकडतो. या लहरींशी भारताचा संबंध जुना आहे. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बसू यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती.

लहरी मोजक्या आणि बोलणारे असंख्य, ही या विद्येतील मुख्य अडचण. तिच्यावरचा तोडगा १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुचला. सगळ्या प्रदेशासाठी एकच उंच मनोरा उभारण्याऐवजी मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षटकोनी घरे पाडावीत, प्रत्येक घरात एक छोटा मनोरा ठेवावा, आणि दूरदूरच्या घरांत त्याच लहरी पुन्हा वापराव्यात, अशी ती कल्पना. माणूस चालता चालता एका घरातून दुसऱ्या घरात गेला, की त्याचे संभाषण पुढच्या मनोऱ्याच्या स्वाधीन होते. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मार्टिन कूपर यांनी हातातील फोनवरून पहिले संभाषण केले. भारतात हा दिवस ३१ जुलै १९९५ रोजी उजाडला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले.

फोन मनोरा निवडतो तो लहरीच्या जोरावर, नकाशा पाहून नव्हे. म्हणूनच तलासरीच्या सीमेवर उभे असताना आपण महाराष्ट्रात असलो तरी फोन कधी गुजरातच्या मनोऱ्याशी नाते जोडतो.

आपला भूगोल आणि लहरीचा स्वभाव

डहाणू तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. पश्चिमेला समुद्र, रेल्वे आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या असलेली सपाट पट्टी. पूर्वेला डोंगर, जंगल आणि विखुरलेले पाडे. मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीवरून तलासरीकडे जातो. मनोऱ्यांची दाटी रेल्वे आणि महामार्ग यांच्या कडेने आढळते, त्याला कारण आहे. एक गाव म्हणजे एक वस्ती, असे येथे नसते. एका महसुली गावाचे दहा-दहा पाडे दऱ्याखोऱ्यांत पसरलेले असतात. त्यामुळे गावाच्या नावापुढे ‘सेवा उपलब्ध’ असे लिहिले गेले, तरी त्याच गावाचा डोंगराआडचा पाडा मुका राहू शकतो.

आता लहरीचा स्वभाव पाहू. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब, तर ५जीसाठी वापरली जाणारी ३५०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. लांब लहर टेकडीच्या कडेवरून थोडी वळते, झाडोऱ्यातून पार होते. आखूड लहर मात्र सरळ रेषेत जाऊ पाहते, आणि पावसाळ्यात भिजलेली पाने तिला गिळून टाकतात. त्यात गणिताचीही भर पडते. अंतर दुप्पट झाले की मिळणारा जोर चौथाई होतो. साधे एरियल वापरले, तर कंप्रता पाचपट होताच मिळणारा जोर पाचाच्या वर्गाने, म्हणजे २५ पटींनी घटतो. याउलट आखूड लहरींच्या पट्ट्यात जागा ऐसपैस असल्याने त्या पुष्कळ माहिती वाहतात. थोडक्यात, शहराला आखूड लहर मानवते, डोंगराला लांब लहर.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फोनवर रेंजच्या काड्या दिसतात, पण फोन लागत नाही, असा अनुभव नेहमीचा आहे. मनोरा दहा-वीस वॅट किंवा त्याहूनही अधिक जोराने बोलतो, तर आपला ४जी फोन फार तर एक पंचमांश वॅटने उत्तर देतो. मनोऱ्याची हाक आपल्याला ऐकू येते, आपली हाक त्याला ऐकू जात नाही.

शेजारच्या खामलोलीचा प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. पवई येथील आय. आय. टी. मधील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यामागचा विचार साधा होता. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवलेला होता. ८ मेगाहर्ट्झचा एक असे त्यात १५ मार्ग बसतात. परदेशात या पट्ट्यात अनेक वाहिन्यांची गर्दी असते. आपल्याकडे मात्र जमिनीवरून प्रक्षेपण करणारे एकटे दूरदर्शनच. अभ्यासात असे आढळले, की देशात बहुतेक सर्व ठिकाणी १५ पैकी किमान १२ मार्ग रिकामे पडून आहेत. चांगली, लांब पल्ल्याची लहर पडीक जमिनीसारखी पडून होती!

पालघर तालुक्यातील खामलोली आणि आसपासच्या गावांत या रिकाम्या लहरींवर प्रयोग झाला. शहरातून येणारी प्रकाशतंतूची तार मध्येच थांबते. तेथून पुढे गावापर्यंतचा टप्पा या लांब लहरींनी पार करायचा, आणि गावात वाय-फाय केंद्र उभारून लोकांच्या फोनला जोडायचे, अशी रचना होती. प्रारंभी सात गावे आणि पुढे पंचवीस गावे अशी या प्रकल्पाची वाढ झाली. २०१७ साली मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला गौरव मिळाला.

तंत्र सिद्ध झाले म्हणजे ते सर्वत्र पोहोचले असे मात्र नाही. लहरी ही सरकारची मालमत्ता आहे. प्रयोगापुरता परवाना मिळणे निराळे आणि कोणालाही वापरण्याची मुभा मिळणे निराळे. याच शेजारचा ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात विक्रीस निघाला, तेव्हा त्याला एकही बोली लागली नाही. विकत घेणारा नाही आणि फुकट वापरण्यास परवानगी नाही, अशा स्थितीत लहर रिकामीच राहते. मला वाटते, येथे प्रश्न विज्ञानाचा संपतो आणि धोरणाचा सुरू होतो. त्याच वर्षी केंद्र सरकारने सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याची योजना मंजूर केली. पण गाव मोजायचे की पाडा, हा आपला प्रश्न तेथेही उरतोच.

समुद्र आणि भूकंप

डहाणू व झाई येथील मच्छीमार बांधवांची अडचण निराळी. किनाऱ्यापासून काही मैल गेले की मनोऱ्यांचे राज्य संपते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एका राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. तीत इस्रोने विकसित केलेले उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर किनारी राज्यांतील एक लाख बोटींवर बसवायचे आहेत. वादळाची सूचना बोटीवर यावी आणि बोटीची हाक किनाऱ्यावर यावी, हा त्याचा हेतू. त्याच समारंभात डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या बंदराला अनेक मच्छीमारांचा विरोध आहे. एकाच दिवशी बोटीला सुरक्षेचे यंत्र मिळावे आणि बोट कोठे न्यायची ही चिंताही लागावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

जमिनीवरही आपण निर्धास्त नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. शास्त्रज्ञांनी येथे भूकंपमापकांचे जाळे उभारले. अशा प्रसंगी सगळेच एकदम फोन लावतात. एका मनोऱ्याला एका वेळी ठरावीकच संभाषणे पेलतात, म्हणून नेमक्या गरजेच्या क्षणी जाळे कोलमडते. यावर ‘सेल ब्रॉडकास्ट’ हा उपाय आहे. त्यात प्रत्येकाला वेगळा निरोप न पाठवता मनोरा एकच निरोप आपल्या घरातील सर्व फोनांना एकदम ऐकवतो. गावात दवंडी पिटावी तसेच हे. २०२३ साली मोठ्या आवाजासह आलेले चाचणी-संदेश पुष्कळांना आठवत असतील, ते याच पद्धतीचे होते.

निरोप खरा की खोटा?

जाळे निरोप पोहोचवते. तो खरा की खोटा हे त्याला कळत नाही. या बाबतीत आपल्या भूमीने दोनदा मोठी किंमत मोजली आहे.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले. वर्तमानपत्र नाही, टपाल नाही. निरोप पाड्यापाड्यांतून तोंडोतोंडी गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे सभा असल्याचा खोटा निरोप त्याच वाटेने फिरला. माणसे विश्वासाने जमली, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले.

पंचाहत्तर वर्षांनंतर निरोपाची वाट बदलली होती. १६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांचा जीव घेतला. त्याआधी कित्येक दिवस मुले पळवणारे व चोर फिरत असल्याच्या अफवा फोनवरून पसरत होत्या. वारंवार पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात घातले होते. पण यंत्रावरचे बंधन मनातील भीती थांबवू शकत नाही. खोटा निरोप मिनिटात येतो आणि खरे सांगणारा माणूस पोहोचायला रात्र जाते, अशी जेथे स्थिती असते, तेथे अर्धवट रेंज ही अजिबात नसलेल्या रेंजपेक्षा घातक ठरू शकते.

समारोप

या विवेचनातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की लहरीला जात, भाषा वा श्रीमंती कळत नाही. तिला अडवतो तो डोंगर, आणि डोंगराआड मनोरा उभा राहतो की नाही हे ठरवते ते गिऱ्हाइकांचे गणित. म्हणून पाड्यांची मोजणी गावाच्या नावाने न होता पाड्याच्या नावाने झाली पाहिजे. हे काम आपण विद्यार्थीही करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एकेका पाड्यावर उभे राहून कोणत्या ठिकाणी फोन लागतो आणि कोणत्या ठिकाणी लागत नाही याचा साधा नकाशा तयार करावा व तो ग्रामसभेपुढे ठेवावा. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने ग्रामसभेच्या ठरावाला येथे विशेष वजन आहे.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण आहे. ज्या घरात अक्षर नुकतेच आले, त्या घरात फोन त्याच्या आधी पोहोचला आहे. आलेला संदेश वाचून दाखवण्यासाठी घरचे, शेजारचे आपल्याच हातात फोन देतात. त्या क्षणी ‘हे कोणी लिहिले, कशावरून खरे?’ एवढे दोन प्रश्न मोठ्याने विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर आपल्या शिक्षणाचा काही उपयोग पाड्याला झाला असे म्हणता येईल. मनोरे सरकार आणि कंपन्या उभारतील. हे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.