एकच मूल, दोन वह्या



समजा, आश्रमशाळेच्या हजेरीपटावर एका मुलाचे महिन्याला सहा-सात खाडे दिसतात. आरोग्य केंद्राच्या वहीत त्याच मुलापुढे ‘सिकलसेल रुग्ण’ अशी नोंद आहे. एक वही शिक्षकांकडे, दुसरी परिचारिकेकडे. शिक्षकांना मूल टाळाटाळ करणारे वाटते, कारण त्याचे दुखणे त्यांच्या वहीत नाही.

सिकलसेलमध्ये रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार परिचयाचा आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. शाळेच्या नोंदीही आता संगणकावर आहेत. मग दोन्ही जोडून, नियमित औषधाने हजेरी वाढते का, हे पाहता येणार नाही का? येईल, पण वाटेत तीन अडचणी आहेत.

१. ओळख पटवणे. वळवी हे आडनाव इंग्रजीत कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. घरचे नाव एक, शाळेतले दुसरे. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत १ जून लिहायची, ही आपल्याकडची जुनी रीत. संगणकाने दोन मुले एक समजली, तर निष्कर्षच चुकतो.

२. सुटलेली मुले. आईवडिलांसोबत वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले मूल दोन्ही वह्यांत अर्धवटच असते. नोंदी जुळतात त्या बहुधा स्थिर घरांतल्या मुलांच्या. ज्यांची गरज सर्वांत मोठी, तीच अभ्यासातून गळतात आणि चित्र आहे त्यापेक्षा बरे दिसते.

३. गुप्तता. सिकलसेलच्या वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. तरी बातमी फुटली तर मुलीचे लग्न अडू शकते. म्हणून नोंदी जुळवणारा एक आणि अभ्यास करणारा दुसरा असावा. अभ्यासकाकडे नावाऐवजी केवळ सांकेतिक क्रमांक जावा. पण लहान शाळेत सातवीच्या वर्गात एकच रुग्ण असेल, तर नाव झाकूनही तो ओळखू येतो. अशा वेळी गावाचा, शाळेचा उल्लेखही टाळावा लागतो.

संमतीचे काय? कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. भिली, पावरी, वारली, माडिया, जी घरची बोली असेल तिच्यात, माहिती कशासाठी हवी आणि कोण पाहणार हे पालकांना समजले पाहिजे. नाही म्हणणाऱ्याचे औषध किंवा शाळाप्रवेश अडता कामा नये.

आपण काय करू शकतो? ओळखीच्या कुटुंबाला जन्मदाखला काढायला मदत करावी. दाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर यांत नाव एकसारखे आहे ना, ते पाहावे. आणि कोणाच्या आजाराची चर्चा चारचौघांत करू नये, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा नाही.

गटात विचार करू या:
• आपल्या भागातली कोणती मुले कोणत्याच वहीत नीट सापडत नाहीत?
• मदत करताना आपण कोणाची माहिती न विचारता पुढे सांगितली आहे का?