खोक्यावरचा वेग आणि सर्व्हरमधला वेग

लिनक्स सर्व्हरवर एनव्हीएमई एसएसडी बसवणे हे वरकरणी पाच मिनिटांचे काम आहे. डिस्क स्लॉटमध्ये सरकवून स्क्रू आवळला की कर्नल तिला ओळखतो. 2012 मधल्या 3.3 आवृत्तीपासून हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. अडचणी पुढे उद्भवतात आणि त्यांतल्या बऱ्याच एकदा डेटा भरल्यावर दुरुस्त करता येत नाहीत.

सॅटा-3 ची मर्यादा सेकंदाला 6 गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात साधारण 550 मेगाबाइट. शिवाय तिथे कमांडची एकच रांग असते आणि तीत 32 कमांड मावतात. एनव्हीएमईमध्ये सुमारे 64 हजार रांगांची सोय आहे, त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतंत्र रांग देता येते. बऱ्याच जणांची खरेदी एवढ्या माहितीवर उरकते. खोक्यावर ‘सेकंदाला 7,000 मेगाबाइट’ छापलेले असते, आणि तो आकडा खोटाही नसतो. सर्व्हरला लागणारा आकडा मात्र तो नव्हे.

डेटाबेसमध्ये एखादा व्यवहार पक्का होतो तेव्हा ‘एफसिंक’ ही हाक डिस्कपर्यंत जाते आणि माहिती कायमची उतरल्याची ग्वाही मिळेपर्यंत व्यवहार थांबून राहतो. घरगुती वापराच्या डिस्कला ही ग्वाही देण्यासाठी प्रत्येक वेळी फ्लॅशवर प्रत्यक्ष लिहावे लागते, आणि ते काम संथ असते. सर्व्हरसाठीच्या डिस्कवर कपॅसिटर असतात. वीज गेली तरी तात्पुरत्या स्मृतीतले सगळे फ्लॅशवर उतरवण्याइतकी ऊर्जा त्यांत साठलेली असते, म्हणून अशी डिस्क लगेच ग्वाही देऊ शकते. प्रस्तुत लेखकाच्या देखरेखीखालील एका पोस्टग्रेस सर्व्हरवर लाखो आयओपीएसचा दावा करणारी घरगुती डिस्क होती, पण व्यवहारांचा वेग सेकंदाला काही शेकड्यांवरच अडकला होता. सेटिंग्ज तशाच ठेवून फक्त कपॅसिटरवाली डिस्क बसवली, तर हा वेग कित्येक पटींनी वाढला. तिचा खोक्यावरचा आकडा मात्र आधीच्या डिस्कपेक्षा कमी होता.

यावर ‘एफसिंक बंद करा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. पोस्टग्रेसमध्ये एफसिंक बंद असताना वीज गेली तर अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. सिंक्रोनस कमिट बंद केल्यास फक्त शेवटचे काही व्यवहार हरवतात, डेटाबेस सुसंगत राहतो. ते चालणार असेल तरच ही सवलत घ्यावी.

लिहिण्याची क्षमताही खरेदीआधीच तपासावी. 960 जीबीची डिस्क रोज एकदा पूर्ण लिहिता येईल, अशी पाच वर्षांची हमी असेल तर एकूण लेखन सुमारे 1,750 टीबी होते. नोंदी सतत लिहिणाऱ्या सर्व्हरला हा हिशेब लागू पडतो. बहुतांशी वाचनच करणाऱ्या वेबसर्व्हरने त्याची फार चिंता करू नये.

डिस्क बसवल्यावर आधी स्लॉट पाहावा. पीसीआयई 4.0 च्या चार लेनवर सेकंदाला जवळपास 7.9 जीबी जातात, 3.0 वर त्याच्या निम्मे. काही मदरबोर्डांवर एखाद्या एम.2 स्लॉटला दोनच लेन दिलेल्या असतात. ‘एलएसपीसीआय’च्या सविस्तर माहितीत डिस्कची क्षमता आणि प्रत्यक्ष जोडणी या दोन ओळी असतात, त्या जुळत नसतील तर फाइलसिस्टमला दोष देण्यात अर्थ नाही. एम.2 डिस्क तापली की स्वतःहून वेग कमी करते, म्हणून तिच्यावर हीटसिंक हवा आणि पंख्याचा झोत तिच्यापर्यंत पोहोचायला हवा.

पुढचे निर्णय रिकाम्या डिस्कवरच घ्यायचे. काही डिस्क 512 बाइटच्या सेक्टरवर येतात, पण 4,096 वर नेता येतात. त्यासाठीची फॉरमॅट कमांड मात्र सगळा डेटा पुसते. झेडएफएसमध्ये ‘अशिफ्ट’ 12 ठेवावा, कारण डिस्कचा गट तयार झाल्यावर तो बदलता येत नाही. एक्सएफएस वाढवता येते, लहान करता येत नाही. डिस्कची कर्नलने दिलेली नावे रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात, त्यामुळे एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच लिहावा. ट्रिमसाठी आठवड्यातून एकदा चालणारा ‘एफएसट्रिम’ टायमर पुरेसा असतो. डिस्क लक्सने कूटबद्ध केलेली असेल तर ट्रिमला वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि हे नेमके राहून जाते.

चाचणी ‘डीडी’ने करू नये, तिच्यात बहुतेक वेळा रॅमचाच वेग मोजला जातो. जेन्स ॲक्सबो यांचे ‘एफआयओ’ वापरावे: डायरेक्ट पर्याय चालू, 4 केबीचे तुकडे, प्रत्येक लेखनानंतर एफसिंक. सलग लेखनाची चाचणी बराच वेळ चालू द्यावी, कारण घरगुती डिस्कमधला वेगवान राखीव भाग भरला की तिचा खरा वेग दिसू लागतो. ‘एफआयओ’ थेट डिस्कवर लिहिते तेव्हा तिथला डेटा जातो, म्हणून ही चाचणीही डेटा भरण्याआधीची.

डिस्क आरशासारख्या जोडीत लावताना दोन्ही एकाच खेपेतल्या नसाव्यात. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबाबत सूचना काढली होती. फर्मवेअरमधल्या दोषामुळे त्या 32,768 तास, म्हणजे 3 वर्षे 270 दिवस 8 तास चालल्यावर बंद पडत, आणि मग डिस्कही परत मिळत नसे, डेटाही. एकाच दिवशी सुरू केलेल्या जोडीवर अशी वेळ एकदमच येते. तेव्हा फर्मवेअरच्या सूचना वाचत राहाव्यात आणि स्मार्ट नोंदींतली झीज, राखीव साठा व त्रुटी दरमहा पाहाव्यात. चुकून पुसलेली फाइल जोडीतल्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, म्हणून बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवावा आणि त्यातून एखादी फाइल परत आणून पाहिल्यानंतरच सर्व्हर वापरात द्यावा.