संदेश पोहोचला, मजकूर कोठे राहिला?

वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, देणग्या आणि जमाखर्च यांचा तपशील देण्याची आपली प्रथा आहे. त्यासोबत रुग्णालयीन कामकाजातील एखाद्या अंगाची ओळख करून देणारा लेखही असावा, अशी विश्वस्त मंडळाची सूचना असते. यंदा रुग्णांच्या मोबाईलवर जाणाऱ्या लघुसंदेशांचा, आणि विशेषतः वाटेत हरवणाऱ्या मजकुराचा विषय घेतला आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने विवेचनात कीर्द-खतावणीची भाषा अधूनमधून येईल, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट रिकामे असावे लागते. भूल दिल्यानंतर पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरले, तर जिवाला धोका संभवतो. म्हणून आदल्या दिवशी रुग्णाला संदेश जातो. समजा तो असा आहे:

‘आपली शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी 8 वाजता आहे. सोमवारी रात्री 10 नंतर काहीही खाऊ-पिऊ नये.’

हा संदेश रुग्णाच्या मोबाईलवर ‘सोमवारी रात्री’ या दोन शब्दांपाशीच संपला, तर काय होईल? आंब्याकडच्या किंवा विशाळगडाच्या बाजूच्या एखाद्या वाडीवरून पहाटे निघालेला माणूस घोटभर चहा घेऊनच निघणार. दारात आल्यावर त्याला परत पाठवावे लागते. त्याची मजुरी बुडते, सोबत आलेल्या नातेवाइकाची बुडते, आणि शस्त्रक्रियागृहातील ती वेळ ऐनवेळी दुसऱ्या रुग्णालाही देता येत नाही. चहा घेतल्याचे त्याने संकोचाने सांगितलेच नाही, तर पुढचा विचार न केलेला बरा.

अशा वेळी आज्ञावली पुरवणाऱ्यांकडून हमखास उत्तर मिळते, ‘आमच्याकडे संदेश पोहोचल्याची नोंद आहे.’ ती नोंद खोटी नसते. परंतु ती पाकिटाची असते, पत्राची नव्हे. दूरसंचार यंत्रणा पोच देते ती संदेश मोबाईलने स्वीकारल्याची. त्यात किती शब्द होते आणि ते मूळचेच होते काय, याची शहानिशा ती करीत नाही. आपल्याच तालुक्यातील पावनखिंडीची कथा सर्वांना ठाऊक आहे. 13 जुलै 1660 रोजी महाराज विशाळगडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार झाले, असे परंपरा सांगते. तोफेची ती पोच पुरेशी होती, कारण कळवायचे होते ते एवढेच. शस्त्रक्रियेच्या सूचनेला तोफेचा बार पुरत नाही.

हिशेबाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक असे होत नाही. एखादी नोंद मुळात राहूनच गेली असेल, तरी दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात. चूक शोधायची तर खतावणीवरून कीर्दीकडे, कीर्दीवरून पावतीकडे असे मागे मागे जावे लागते. संदेशाचेही तसेच आहे. त्याचा प्रवास कर्मचाऱ्याच्या पडद्यापासून सुरू होतो. तेथून तो माहितीसाठ्याच्या कोठ्यात जातो, मग संदेश रवाना करणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे, मग दूरसंचार कंपनीकडे आणि शेवटी मोबाईलवर. प्रत्येक टप्प्यावर मजकूर उतरवून घ्यावा, त्यातील चिन्हे मोजावीत आणि आकडा प्रथम कोठे बदलतो ते पाहावे. इतकी साधी रीत आहे. ती सोडून बहुतेक वेळी मोबाईल बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला जातो!

मोजणी मात्र संगणकाच्या पद्धतीने करावी लागते. ‘शाहूवाडी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. संगणक त्यात आठ चिन्हे मोजतो: श, काना, ह, ऊकार, व, काना, ड आणि ईकार. माहितीसाठ्यात आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-8 पद्धतीने प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ‘शाहूवाडी’ला 24. रोमन लिपीत तेच नाव नऊ अक्षरांचे, आणि बाइटही नऊच. लघुसंदेशाची मापे आणखी निराळी. एका संदेशात 140 बाइटची जागा असते. तीत साधी रोमन अक्षरे 160 मावतात. परंतु एक जरी देवनागरी चिन्ह आले, तरी सबंध संदेशाला प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट लागतात आणि मर्यादा 70 चिन्हांवर येते. मजकूर त्याहून मोठा असेल, तर त्याचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यातील सहा बाइट जोडणीच्या खुणेला जात असल्याने तेथे 67 चिन्हेच बसतात.

आता वरील संदेश मोजून पाहू. मोकळ्या जागा धरून त्यात 88 चिन्हे आहेत, म्हणजे तो दोन तुकड्यांत जायला हवा. 70व्या चिन्हावर तोडला, तर ‘10 नंतर’ या शब्दांपुढे केवळ एक ‘क’ उरतो. रुग्णाच्या मोबाईलवर मात्र मजकूर ‘सोमवारी रात्री’ येथे थांबला आहे. तेथवर 60 चिन्हे होतात. 70ही नव्हेत आणि 67ही नव्हेत. तेव्हा दूरसंचार कंपनीच्या मर्यादेकडे बोट दाखवता येत नाही. हाच तुटका मजकूर बाइटमध्ये मोजला, तर देवनागरी चिन्हांचे तीन-तीन आणि मोकळ्या जागा, आकडा व पूर्णविराम यांचा एकेक धरून बेरीज बरोबर 160 येते. उलगडा येथेच होतो. रोमन संदेशाची 160 ही मर्यादा डोळ्यांपुढे ठेवून कोणीतरी कोठा 160 बाइटचा आखला, आणि 226 बाइटचा मराठी संदेश त्यात कोंबला गेला. उरलेले 66 बाइट कोणतीही तक्रार न करता गळून पडले. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर मजकूर पूर्ण दिसत होता, कारण तो अजून कोठ्यात उतरलाच नव्हता.

याला दुजोरा देणारा कागद लेखा विभागातच असतो. मध्यस्थ संस्था तुकड्यागणिक आकारणी करते. 88 चिन्हांच्या संदेशाचे दोन तुकडे देयकात लागले पाहिजेत. एकच लागला असेल, तर मजकूर आपल्या दारातून बाहेर पडण्यापूर्वीच तुटला होता, असे समजावे. देयक कमी आले म्हणून समाधान मानण्याचा मोह लेखापालाने येथे आवरावा.

यावर उपाय म्हणजे कोठा मोठा करणे आणि न मावणारा मजकूर मुकाट्याने कापण्याऐवजी साफ नाकारण्याची व्यवस्था करणे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नाकारलेला संदेश कर्मचाऱ्याच्या लक्षात येतो. कापलेला येत नाही.

मजकूर तुटण्याऐवजी बिघडतो तेव्हा त्याचे रूप पाहूनच पुष्कळ निदान होते. मोबाईलवर चौकोन दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे. त्या मोबाईलमध्ये अक्षरांचे साचे तेवढे नाहीत. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्याशेजारी चलनाची खूण, मधूनच जपानी येनची खूण, अशी रांग दिसली, तरी घाबरू नये. बाइट जसेच्या तसे आहेत, ते चुकीच्या पद्धतीने वाचले गेले आहेत, आणि मराठी मजकूर बहुधा परत मिळवता येतो. परंतु ओळीने प्रश्नचिन्हे आली, तर अक्षरे कायमची गेली. देवनागरी न जाणणाऱ्या एखाद्या टप्प्याने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मूळ पुसून टाकलेले असते. वरच्या संदेशातून मग 8 आणि 10 हे आकडे, दोन पूर्णविराम आणि एक जोडरेघ एवढेच वाचते.

मराठीची म्हणून एक खास अडचण आहे. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ या शब्दांत फरक अर्ध्या ‘र’चा. हा अर्धा ‘र’ लिहिण्याच्या एका प्रचलित पद्धतीत न दिसणारे जोडचिन्ह मध्ये घालावे लागते. ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ असा स्वच्छतेचा नियम एखाद्या आज्ञावलीत असेल, तर तेही झाडले जाते, आणि पथ्याच्या जेवणाची सूचना आचाऱ्यांऐवजी आचार्यांना जाते. चिन्हांची संख्या एकानेच घटते. त्यामुळे मोजल्यावाचून हे सापडत नाही.

नातेवाइकांकडून येणाऱ्या उत्तरांत उलट प्रकार घडू शकतो. मायएसक्यूएल या बहुपरिचित माहितीसाठा प्रणालीतील जुनी ‘यूटीएफ-8’ व्यवस्था चिन्हामागे तीनच बाइट ठेवीत असे. देवनागरीला तेवढे पुरत, म्हणून चाचणीत सारे सुरळीत दिसे. मोबाईलवरील हात जोडलेल्या चित्राला मात्र चार बाइट लागतात. नियम सैल ठेवलेले असतील, तर त्या चित्रापासून पुढचा सगळा मजकूर गळतो. कोणी नमस्काराचे चित्र टाकून पुढे ‘पेशंटला रात्रीपासून ताप आहे’ असे लिहिले, तर आपल्यापर्यंत फक्त त्यापूर्वीचा मजकूर येणार. या प्रणालीत चार बाइटची सोय 2010 मध्ये आली; जुने कोठे तसेच ठेवणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

आपल्या हाती नसलेल्या टप्प्यांवरही संदेश अडतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या विनियमांनुसार संस्थांना आपले नाव आणि संदेशाचा नमुना आधी नोंदवावा लागतो. नोंदवलेल्या नमुन्याशी मजकूर ताडून पाहण्याचे काम दूरसंचार कंपन्यांनी 8 मार्च 2021 रोजी सुरू केले, आणि देशभर बँकांचे एकवेळचे परवलीचे क्रमांक येईनासे झाले. कोविड लसीकरणाची नोंदणीही अडखळली. तेव्हा ज्येष्ठांच्या लसीकरणाला आठवडाच झाला होता. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने ही तपासणी सात दिवसांसाठी स्थगित केली. फसव्या संदेशांना आळा घालण्याचा हेतू योग्यच होता. परंतु नमुन्यात नसलेला एखादा शब्द किंवा जास्तीची मोकळी जागासुद्धा प्रामाणिक संदेश अडवू शकते, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

राहता राहिला आपला भूगोल. मोबाईल संपर्कक्षेत्राबाहेर असेल, तर संदेश दूरसंचार केंद्रात ठरावीक मुदतीपर्यंत थांबतो आणि मुदत संपल्यावर रद्द होतो. तुकडे स्वतंत्रपणे प्रवास करीत असल्याने पहिला येऊन दुसरा मागे राहणेही शक्य असते. घाटमाथ्यावरच्या पावसात याला कोणतीही आज्ञावली पुरी पडणार नाही. म्हणून उपाशी राहण्याची सूचना संदेशाच्या आरंभी घालावी, मजकूर 70 चिन्हांत बसवावा आणि आदल्या दिवशी दूरध्वनी करून रुग्णाकडूनच ती सूचना वदवून घ्यावी, हे इष्ट.

नातेवाइकांना विनंती की, अर्धवट, चौकोनी किंवा प्रश्नचिन्हांचा संदेश आल्यास तो पुसून टाकू नये. मोबाईल नोंदणी कक्षात दाखवावा. तेथील वहीत मजकूर दिसेल तसा, शेवटच्या तुटक्या अक्षरासह उतरवून घेतला जाईल आणि आवश्यक ती सूचना तेथेच तोंडी दिली जाईल.