आधी जुनी डिस्क बाजूला ठेवा

दिवाळी अंकांची जुळणी ऐन भरात होती आणि लॅपटॉपमधून टकटक ऐकू येऊ लागली. आधी काही दिवस फाइल उघडायला वेळ लागत होता, मग एका सकाळी काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश आला. सदाशिव पेठेत मी अंकांची नि पुस्तकांची अक्षरजुळणी करते. त्या डिस्कवर माझं काही फार नव्हतं, पण लेखकांनी विश्वासाने दिलेला मजकूर होता.

तपकीर गल्लीजवळच्या दुकानदाराने मशीन पाहिलं आणि म्हणाला, ‘‘ताई, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’’ मी नको म्हटलं. येणाऱ्या बहुतेकांना मशीन चालू होऊन हवं असतं, म्हणून तो तसं म्हणाला. पण बिघडलेल्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकणं म्हणजे उरलंसुरलं आपल्या हाताने पुसणं. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच: नवी डिस्क घ्या, जुनी काढून बाजूला ठेवा, आणि मगच ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करा.

टकटक म्हणजे बहुधा डिस्कमधलं वाचणारं हेड जागा शोधत अडखळतंय. फिरत्या तबकडीपासून ते केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. तबकडीला टेकलं तर ओरखडा पडतो आणि तिथला मजकूर कायमचा जातो. त्यामुळे ‘चालू होतंय का बघू’ म्हणत पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. चेकडिस्कही चालवू नका, कारण दुरुस्ती करताना ते त्याच डिस्कवर लिहितं. डिस्क शांत असेल आणि दुसऱ्या संगणकाला यूएसबी केबलने जोडल्यावर दिसत असेल, तर आधी तिची पूर्ण नक्कल काढा. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी चांगला भाग वाचून घेतं, खराब जागांकडे नंतर वळतं. माझा बहुतेक मजकूर असाच सुटला. आवाज थांबतच नसेल तर मात्र नकलेचाही मोह टाळा आणि डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत जा. दुकानाच्या टेबलावर कुणी डिस्क उघडू पाहत असेल तर उघडू देऊ नका. धुळीचा एक कण पुरतो.

जुन्या डिस्कवर विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप असेल तर दुसरा संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

विंडोज टाकणं त्या मानाने सोपं. विंडोज ८ किंवा नंतरची प्रणाली घालून आलेल्या बहुतेक लॅपटॉपची लायसन्स की मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, टाकली की ती आपोआप ओळखली जाते. लायसन्सचे वेगळे पैसे कुणी मागितले तर कारण विचारा. विंडोज टाकण्यासाठीचा पेनड्राइव्ह, किमान ८ जीबीचा आणि रिकामा, मायक्रोसॉफ्टच्या साधनाने घरीच तयार करता येतो. वायफायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. नवी डिस्क इन्स्टॉलरला दिसत नसेल तर ती बिघडली आहे असं लगेच धरू नका, अनेकदा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर हवा असतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. या अटीत न बसणाऱ्या जुन्या मशीनसाठी चोरीची प्रत शोधण्यापेक्षा लिनक्स टाका.

विंडोज आलं की काम संपलं, असं इतर कुणी म्हणू शकेल. मराठीत काम करणाऱ्याचं खरं काम तिथून सुरू होतं. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असतात. नव्या मशीनवर त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर गेला नाही, फक्त फॉन्ट नाही, हे ठाऊक नसल्याने घाबरून पानंच्या पानं पुन्हा टाइप करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण नुसता फॉन्ट कॉपी करूनही भागत नाही. त्यात टाइप करायचं तर मूळ सॉफ्टवेअर, त्याच्या लायसन्सचा कागद आणि असेल तर डोंगलही लागतो. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची, सीडीवरची. आता बहुतेक लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. त्या सीडीची नक्कल आणि सिरियल नंबर आजच बाहेरच्या डिस्कवर घ्या. नवा मजकूर मात्र युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो, फाइल कुठेही उघडते.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते तेव्हा जुनी परत द्यावी लागू शकते. लेखकांचा मजकूर असलेली डिस्क अशी हातची सोडणं मला पटत नाही. मशीन दुरुस्तीला देण्याआधी तेवढं विचारून घ्या, आणि जुनी डिस्क देणं भागच असेल तर नक्कल तपासल्याशिवाय देऊ नका.