घरचे वर्कशॉप : छंद जपा, डोळेही जपा



सकाळची ओपीडी संपत आली होती. लातूरहून बदलून आलेले आणि इथेच स्थायिक झालेले एक निवृत्त शिक्षक आत आले. उजवा डोळा किंचित लाल होता. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काही विशेष नाही. मेडिकलवाल्याने थेंब दिले होते, लाली कमी झाली. पण अक्षर जरा पुसट दिसतंय."

"डोळ्याला काही लागले होते का?"

"लागलं असं नाही. छिन्नीने जाम झालेला बोल्ट तोडत होतो, तेव्हा कणी उडाल्यासारखी वाटली. डोळा चोळला, पाणी मारलं, संपलं. त्याला झाले आता नऊ दिवस."

गुरुजींच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी जुना लेथ, एक हँड ग्राइंडर, ड्रिल आणि वेल्डिंगचे मशीन घेतले आहे. जुन्या सायकलीच्या चाकावर कोळपे बसवून ते पुतण्याला देतात, शेजाऱ्यांच्या फाटकाच्या बिजागऱ्या नीट करतात. पैसा घेत नाहीत. त्यांच्या डोळ्यात टॉर्च मारली तर बाहुली गोल नव्हती, एका बाजूला ओढल्यासारखी होती. लगेच एक्स-रे काढायला लावला. लोखंडाचा तिळापेक्षा लहान कण डोळ्याच्या आत जाऊन बसला होता.

गुरुजींच्या परवानगीने ही हकीकत सांगतो आहे. आपल्या भागात असा छंद असणारे बरेच जण आहेत. कोणी आयटीआय झालेला आहे, कोणी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, तर कोणी नुसता हाताला गुण असलेला शेतकरी. हा छंद मोठा चांगला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली होती. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तीही लोखंडी नांगराच्या जोरावर. तेव्हा घरातल्या लेथला मी नावे ठेवणार नाही. फक्त एवढेच सांगेन, की कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या भागांना जाळी आणि डोळ्यांना चष्मा बंधनकारक केला होता. घरच्या शेडमध्ये तपासायला कोणी निरीक्षक येत नाही. तिथे मालक आपण, कामगार आपण आणि निरीक्षकही आपणच.

डोळ्यात कण गेला तर

कण दोन प्रकारचे असतात. ग्राइंडरची ठिणगी बहुधा बुबुळाच्या वरच्या पडद्यावर चिकटते. डोळा खुपतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. हा कण काडीच्या टोकाने, रुमालाच्या कोपऱ्याने किंवा गावात कोणी जिभेने काढतो त्या पद्धतीने काढू नका. लोखंड काही तासांतच गंजू लागते आणि कणाभोवती गंजाचे कडे तयार होते. ते नीट काढावे लागते, नाहीतर डाग राहतो किंवा जखम चिघळते.

दुसरा प्रकार अधिक घातक. लोखंडावर लोखंड आपटते तेव्हा बंदुकीच्या छर्‍यासारखी कपची उडते आणि डोळ्याच्या आत शिरते. जखम इतकी बारीक असते की दुखतही नाही. म्हणूनच माणूस फसतो. लक्षात ठेवण्याचा नियम सोपा आहे : हातोडा मारताना डोळ्याला काहीही लागल्यासारखे वाटले, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. "हातोडा मारत होतो" हे शब्द त्यांना आवर्जून सांगा. डोळा चोळू नका, दाबू नका. चहाच्या कागदी कपाचे बूड डोळ्यावर हलके झाकण म्हणून चिकटवा आणि निघा. अशा माणसाचा एमआरआय करायचा नसतो, कारण चुंबकाने आतला कण हलतो. आत राहिलेले लोखंड गंजून पुढे काही महिन्यांत दृष्टीचा पडदा खराब करते.

मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणू नका. त्यांत स्टेरॉईड असले तर लाली जाते, माणसाला बरे वाटते आणि आत जंतू किंवा बुरशी वाढत राहते. गुरुजींचे नऊ दिवस असेच गेले.

छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरते. त्या छत्रीच्या कडा तुटूनच कपच्या उडतात. महिन्यातून एकदा ते डोके ग्राइंडरवर घासून सरळ करून घ्या. हे काम पाच मिनिटांचे आहे.

नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. बाजूने बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा, आणि तो शेडमध्ये पाऊल टाकताच घालायचा. ग्राइंडिंग करताना त्यावर तोंडभर झाकणारी पारदर्शक ढाल असेल तर उत्तम.

वेल्डिंगची आग आणि वेल्डिंगचा ताप

रात्री अकरा-बारा वाजता दार वाजते आणि माणूस म्हणतो, "डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतंय." दुपारी त्याने "फक्त दोन टाके" काच न धरता मारलेले असतात. वेल्डिंगच्या ज्योतीतील अतिनील किरणांनी डोळ्याचा वरचा पडदा भाजतो. उन्हाने कातडी भाजते तसेच हे, पण त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत भरून येते. थंड पाण्याची पट्टी, अंधारी खोली, साधी दुखण्याची गोळी आणि डॉक्टरांनी दिलेले मलम एवढे पुरते. बटाट्याची चकती बंद पापणीवर ठेवली तर गार वाटेल, पण दूध, तूप, मध डोळ्यात घालू नका. बधिर करणारे थेंब घरी वापरणे तर फारच धोक्याचे, त्याने जखम भरत नाही.

साधा काळा गॉगल वेल्डिंगला चालत नाही. घरगुती कामाला साधारण १० किंवा ११ नंबरची काच असलेला मुखवटा हवा. पाइप धरून उभा असलेला मुलगा आणि दारातून पाहणारी नातवंडे यांचेही डोळे भाजतात, हे विसरू नका.

आता तापाविषयी. एक तरुण संध्याकाळी हुडहुडी भरून आला. अंग मोडून आले होते, तोंडाला धातूची चव होती. घरच्यांना वाटले मलेरिया. रक्त तपासले, काही निघाले नाही. विचारले तेव्हा कळले, की दिवसभर बंद खोलीत जी.आय. पाइपचे वेल्डिंग चालले होते. जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप. ते जस्त जळून पांढरा धूर होतो आणि तो श्वासात गेला की काही तासांनी थंडीताप येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप उतरतो. उतरला नाही किंवा धाप लागली, तर मात्र घरी थांबू नका. मुलामा असलेला पाइप जोडायचाच असेल तर सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढा, काम उघड्यावर करा आणि वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असे उभे राहा.

"आम्ही वेल्डिंगनंतर गूळ खातो, दूध पितो," असे पुष्कळ जण सांगतात. गूळ जरूर खा. पण धूर फुफ्फुसात जातो आणि गूळ पोटात. दोघांची भेट होत नाही.

एक गोष्ट तर कधीच करू नका. पेट्रोल, डिझेल किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा वा बॅरल वेल्डिंगला घेऊ नका. रिकामा दिसला तरी आत वाफ असते. ठिणगी पडली की तो बॉम्बसारखा फुटतो.

ग्राइंडर, ड्रिल आणि लेथ

चार इंची हँड ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. हिशोब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. अशी चकती फुटली तर तुकडा थेट गळ्यात वा चेहऱ्यात शिरतो. म्हणून पुढील गोष्टी पाळा :

१) गार्ड काढू नका. गार्ड काढून पाच इंची चकती बसवणे म्हणजे मरणाला आमंत्रण.
२) चकतीवर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती पाहा. पडलेली, ओली झालेली चकती टाकून द्या.
३) लोखंडाच्या ग्राइंडरला लाकूड कापण्याची दातेरी चकती लावू नका.
४) नवी चकती बसवल्यावर तोंड बाजूला करून अर्धा-एक मिनिट रिकामी फिरवा.
५) ड्रिलखाली पत्रा हाताने धरू नका, व्हाइसमध्ये आवळा. भोक पडता पडता पत्रा अडकतो आणि पात्यासारखा फिरतो.
६) चक आवळण्याची किल्ली चकमध्ये राहू देऊ नका. हात किल्लीवरून काढण्याआधी किल्ली चकमधून काढायची, ही सवय लावा.
७) लेथवरचा वळणावळणाचा किस हाताने ओढू नका. मशीन बंद करा, मग आकड्याने काढा.

अनेकांना वाटते, हातमोजे घातले की हात सुरक्षित. वेल्डिंगला ते खरे आहे. पण फिरत्या लेथवर आणि ड्रिलवर हातमोजा नको. मोज्याचा धागा अडकला तर मशीन मोज्याबरोबर हातही ओढून घेते. तेच गळ्यातल्या उपरण्याचे, लांब बाहीचे, पदराचे, ओढणीचे, मोकळ्या केसांचे आणि मनगटावरच्या दोऱ्याचे. अंगठी तर आधी काढून ठेवा. अंगठी अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. मी हे पाहिले आहे, तुम्ही पाहू नये.

वीज गेली तर...

आपल्याकडे काम चालू असताना वीज जाणे नवे नाही. वीज गेली की माणूस चहाला उठतो किंवा लेथमध्ये हात घालून माप घेतो. तेवढ्यात वीज येते आणि मशीन आपोआप सुरू होते! शेतातल्या मोटारीचा स्टार्टर वीज गेली की पडतो. तसाच स्टार्टर लेथलाही बसवा आणि त्याला ऑटो लावू नका. ग्राइंडरचे बटण लॉक होते, म्हणून वीज गेली की आधी बटण बंद करून पिन काढायची.

अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घराच्या वायरमनकडून बसवून घ्या. उन्हाळ्यात आपली जमीन कोरडी ठणठणीत होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा.

लागलेच तर

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चुना, चहापत्ती, कुंकू भरू नका. ते काढताना टाके घालणाऱ्याचा वेळ आणि तुमचे रक्त दोन्ही जाते.

बोट तुटून वेगळे झाले तर ते शोधा. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका. १०८ ला फोन करा. नांदेडला विष्णुपुरीचे, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून पुढे बोट जोडणाऱ्या सर्जनकडे कुठे जायचे ते ठरेल. घरी वेळ घालवू नका.

भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट आणि शाई नको.

धनुर्वाताविषयी गैरसमज फार आहे. तो गंजाने होत नाही. मातीत आणि शेणात असलेल्या जंतूंमुळे होतो, आणि शेडच्या खाली माती असतेच. पूर्वीचे पूर्ण डोस झाले असतील तर दर दहा वर्षांनी एक इंजेक्शन पुरते. जखम खोल, मातीची असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे झाली असतील तर पुन्हा घ्यावे. प्रत्येक ओरखड्याला सुई टोचून घेण्याची गरज नाही. शेवटची तारीख शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

कानांचेही पाहा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. कापसाच्या बोळ्याने भागत नाही, फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. गेलेले ऐकू येणे परत येत नाही.

गुरुजींचे ऑपरेशन मोठ्या शहरात झाले. कण निघाला, डोळा वाचला, पण त्या डोळ्याने आता माणसाची फक्त आकृती दिसते. पहिल्याच दिवशी आले असते तर कदाचित वाचतासुद्धा आले असते. त्यांनी छंद सोडला नाही, मीही सोडा म्हटले नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. मेन स्विचच्या दांड्यावर खिळा ठोकून त्यांनी गॉगल अडकवला आहे. तो हातात घेतल्याशिवाय स्विच दाबताच येत नाही. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा खिळा मी आधी ठोकायला पाहिजे होता."

खिळा चार आण्याचा. आज रविवार आहे, आपणही ठोकून टाका.